आमच्या घरचे डास

महालक्ष्म्या जवळ आल्या की आमच्या पांढुर्ण्याच्या घरात आधी माळ्यावरून मुखवटे उतरतात, मग पितळेची भांडी उतरतात, आणि मग आत्याबाईंचा आवाज चढतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. एरवी त्या हळू बोलतात. भादव्यातल्या या दिवसांत मात्र त्यांचं बोलणं पार स्टेशनापर्यंत ऐकू जात असावं. यंदाही त्यांचा फोन आला, "वैशाली, येऊन राहिली न? का मच्छरच धरून राहिली अजून?" मी म्हटलं, येते. फोन ठेवला, आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून बसलेली, चाळिशी ओलांडलेली बाई असूनही माझे कान गरम झाले. त्या साधी थट्टा करत होत्या. गेल्या भादव्यानंतर त्यांनी डासांवरून केलेली ही पहिलीच थट्टा. मला आनंद व्हायला हवा होता, पण आली ती लाजच.

बाहेर तोच पाऊस आहे. पोळ्यानंतरचा, दमलेला, उन्हातच पडून जाणारा. गाडी नरखेड सोडून पुढे निघाली की दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी कमरेपर्यंत आलेली दिसते आणि संत्र्याच्या झाडांवर हिरवी फळं पानांत लपून असतात. हा रस्ता मला लग्न झाल्यापासून पाठ आहे. आधी या रस्त्यानं जाताना मला पुरणाचा वास यायचा, आता साचलेल्या पाण्याचा येतो.

माझी नोकरी डासांची आहे. लोकांना हे सांगितलं की आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे फवारणी?" नाही, फवारणी नाही. आम्ही डास धरतो आणि त्यांच्या पोटात माणसाला आजारी पाडणारा विषाणू आहे का ते पाहतो. धरून आणलेले डास आधी गारठवायचे. बर्फावर ठेवलेल्या पांढऱ्या थाळीत ते निपचित पडतात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाची ओळख पटवायची. डेंग्यूवाला डास दिसायला देखणा असतो, खोटं कशाला बोलू. काळा कुळकुळीत, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर दोन्हीकडून वळलेल्या पांढऱ्या रेघा, कोणी बारीक ब्रशनं काढल्यासारख्या. नर बाजूला काढायचे, कारण चावते ती मादी. एका ठिकाणच्या माद्या एका छोट्या नळीत घालून घोटायच्या, त्यातून जे निघेल ते शुद्ध करून यंत्रात ठेवायचं. विषाणू असला तर पडद्यावरची रेघ काही वेळानं वर उठते, नसला तर खालीच सरळ चालत राहते. माणसांना ताप यायच्या आधी डासांमध्येच विषाणू सापडला तर एखादी गल्ली वाचवता येते, म्हणून हा सगळा खटाटोप.

आत्याबाईंना ही नोकरी कधी पचली नाही. नातेवाइकांत त्या सांगायच्या, "आमची सून लॅबमंधी आहे." कसली लॅब, असं कोणी विचारलं तर, "मोठी आहे," एवढंच. एकदा माझ्या धाकट्या नणदेच्या सासरच्या लोकांसमोर मी सरळ सांगून टाकलं की मी डासांवर काम करते. आत्याबाईंनी असा चेहरा केला, जणू मी त्यांच्या नवीन पातळावर आमटी सांडली. रात्री म्हणाल्या, "खरं बोलाले काही हरकत नाही व, पण जेवतानी कायले?"

हे असं लाजणं मला नवं नाही. माझं माहेर सौंसरचं. आमच्या लहानपणी मलेरियावाले यायचे, पाठीला पंप बांधून, खाकी कपड्यांत. ते दारात दिसले की आई आधी आतल्या खोलीत धावायची. बाहेरचं घर आमचं चकाचक असायचं, सारा पसारा आत. गोधड्यांचा ढीग, फुटक्या बरण्या, बाबांचे तेलकट झालेले शर्ट, यांवर ती चादर टाकायची आणि मग दाराशी येऊन म्हणायची, "या न, घर पाहू नका पण." ती माणसं भिंतींवर औषध मारायची, दारावर खडूनं काहीतरी लिहायची आणि पुढच्या घरी जायची. त्यांनी आमच्या गोधड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसेल. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आई गप्प असायची. परक्या पुरुषांनी तिची आतली खोली पाहिली होती.

पुढे मीच ती परकी झाले. सौंसरच्या आसपासच्या गावांत, तिगावकडच्या वस्त्यांत, टॉर्च आणि तोंडानं ओढून डास धरायची काचेची नळी घेऊन मी लोकांच्या पलंगाखाली वाकले, दांडीवरच्या साड्या बाजूला केल्या, देवघरातल्या समईमागचा कोपरा पाहिला. डासांना अंधार आणि ओल आवडते, आणि माणसाच्या घरातल्या अंधाऱ्या, ओल्या जागा नेमक्या त्याच असतात ज्या कोणी पाहू नयेत. बाया दारात उभ्या राहून पदर ओढायच्या, "आज झाडलंच नाही बाई," म्हणायच्या. मी मोठ्या ऐटीत सांगायची, "ताई, आम्ही घर पाहायला नाही आलो, डास पाहायला आलो." मला वाटायचं, किती समजूतदार वाक्य आहे. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी पांढुर्ण्याला गप्पी मासे नेले होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान, करड्या रंगाचे, डासांच्या अळ्या खाऊन साचलेलं पाणी साफ ठेवणारे. आमच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. नळ कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे तो कायम भरलेलाच असायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात मासे घातले आणि ती पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "खायाले नेऊन राहिली काय?" मी तिला सगळं समजावून सांगितलं. पांढुर्ण्याला उतरेपर्यंत अर्धा डबा माझं भाषण ऐकत होता.

आत्याबाईंनी आधी नाक मुरडलं. मग दोन दिवसांत त्यांना मासोळ्यांची सवय झाली. सकाळी हौदापाशी चहा घेऊन बसायच्या आणि पोळीचा कुस्करा टाकायच्या. मी म्हणायची, "अहो, त्यांना पोळी घालू नका, भुकेल्या राहू द्या, तेव्हाच अळ्या खातील." तर त्या म्हणायच्या, "माह्या घरात कोणी उपाशी राहात नसते."

आणि मग श्रावण लागला.

आमच्या घरात श्रावणात मासोळी चालत नाही. खायचीच नाही असं नाही, तर नावही काढायचं नाही. कोणी बाजारातून आणलीच तर दारातून परत जाते. आत्याबाईंनी या सगळ्याचा नीट विचार केला. हौदातलं पाणी देवाच्या तांब्यात जाणार, सोळा भाज्या त्यातच धुतल्या जाणार, पुरणाची डाळ त्यातच शिजणार. त्यांनी एका जुन्या मोठ्या चाळणीनं एकेक मासोळी काढली, बादलीत घेतली आणि जाम नदीवर नेऊन पाण्यात सोडून आल्या. वर हातही जोडले म्हणे. पाणी मात्र काढलं नाही, कारण नळाचा भरवसा नव्हता. पुढच्या वेळी नवं पाणी पडलं की जुनं पाणी आपोआप शुद्ध होतं, हा त्यांचा हिशेब. वर पत्रा टाकला. पत्रा एका कोपऱ्याला वाकलेला होता, तिथून हात जाईल एवढी फट राहायची.

मला हे फोनवर कळलं नाही, कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. श्रावणात आपण कांदा बंद केला हे कोणी सुनेला फोन करून सांगतं का? मी आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी पोचले. लक्ष्म्यांना साड्या नेसवणं, फुलोरा बांधणं, धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. हौदावर पत्रा दिसला, त्यावर धुतलेली केळीची पानं वाळत ठेवलेली होती. किती सुंदर दिसत होतं ते. खाली मासे असतीलच, म्हणून मी पत्रा उचलून पाहिला नाही.

आवाहनाच्या दुसऱ्या दिवशी जेवणं. पंगत अंगणाला लागून असलेल्या पडवीत बसली, हौदापासून चार पावलांवर. गल्लीतल्या सवाष्णी आल्या, आणि शेजारच्या सुमनबाईंसोबत त्यांची सोनाली आली. सोनाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा संपत आलेला, चेहऱ्यावर तेज, पाय थोडे सुजलेले. तिच्यासाठी आत्याबाईंनी पाट भिंतीला लावून टाकला, म्हणजे तिला टेकता येईल. तिच्या पानावर त्या स्वतः वाढत होत्या. "खा व, दोघींचं खा," म्हणत होत्या, मुलगीच होणार हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मध्येच सोनालीनं घोट्यावर चापट मारली. मग पोटरीवर.

"वैशाली वहिनी," ती हसत म्हणाली, "तुमचे पाहुणे आमच्या आधीच जेवाले बसले व!"

सगळी पंगत हसली. कोणी म्हणालं, "तुह्याच ऑफिसातले असतीन, ओळखतं काय पाहा." कोणी म्हणालं, "धर न नळीत, आम्ही बी पाहू कसं धरते ते." मीही हसत उठले. पर्समध्ये नळी असतेच, शिंप्याच्या खिशात टेप असते तशी. पडवीच्या कोपऱ्यात, दांडीवरच्या सोवळ्याच्या धोतरामागे टॉर्च मारला तर तिथे ते बसले होते. पायांवर पांढरे पट्टे. एकेक ओढून घेतला. बायांनी टाळ्या वाजवल्या. सोनालीनं नळी हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाली, "अय्या, किती बारीक काम असते न तुमचं!" आत्याबाई वाढायचं थांबवून पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी, पहिल्यांदाच, माझ्या नोकरीविषयी थोडंसं कौतुक होतं. ते कौतुक मला नेमकं आठवतं.

नळीच्या तोंडाशी ओला कापूस लावून ते डास मी नागपूरला आणले. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, पांढुर्ण्याचं काही आलेलंच नाही यंदा, लावून पाहा. आठवड्याभरानं दुसऱ्या नमुन्यांबरोबर आमच्या घरची नळीही यंत्रात गेली. यंत्र चालू असताना मी डबा खात होते. डब्यात महालक्ष्म्यांच्या उरलेल्या करंज्या होत्या.

रेघ वर उठली.

त्यात एकाच घरच्या माद्या एकत्र घोटलेल्या होत्या. त्यातली नेमकी कोणती, हे आता कोणालाही कधीच कळणार नव्हतं. मी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा रेघ उठली, तितकीच उंच, तितकीच शांत. यंत्राला कोणाचं घर कळत नाही, हे मी इतकी वर्षं नव्या मुलींना अभिमानानं शिकवत आले होते. त्या संध्याकाळी पांढुर्ण्याहून फोन आला. सोनालीला ताप होता, डोळ्यांमागे दुखत होतं, आणि तिला नागपूरला आणत होते.

मी दवाखान्यात गेले. काचेतून तिला पाहिलं. हाताला सलाईन, पोटावर पट्टा, त्या पट्ट्यातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज येत होता, धावत्या घोड्यासारखा. सुमनबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या. "बरं झालं व तू आली," म्हणाल्या, "आता मले धीर आला. तुले तर सगळं कळते." मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला तो काढून घ्यावासा वाटत होता, आणि काढताही येत नव्हता. रक्तातल्या पेशी कमी होत होत्या, बाळाचं आताच काही सांगता येत नाही, थांबा, असं डॉक्टर म्हणत होते. मी सुमनबाईंना तिथेच सांगितलं असतं तर त्या रात्री कोणाचं काय भलं झालं असतं, मला ठाऊक नाही. आधी गल्ली. आधी हौद. मी सकाळच्या गाडीनं पांढुर्ण्याला गेले आणि पालिकेच्या माणसांना सोबत घेऊन घरी पोचले.

"आधी त्या पंक्चरवाल्याचे टायर पाहा न," आत्याबाई म्हणाल्या. पालिकेच्या माणसांनी टायर पाहिले, त्यात पाणीही होतं, पण अळ्या नव्हत्या. तो पंक्चरवाला रोज संध्याकाळी टायर उपडे करून ठेवतो. मग एकानं आमच्या हौदावरचा पत्रा उचलला.

पाण्याचा वरचा थर हलत होता. हजारो बारीक अळ्या, वाकड्या होत, सरळ होत, वर येऊन श्वास घेत, पुन्हा खाली जात. अंगण शेणानं सारवलेलं, तुळशीपुढे ताजी रांगोळी, आणि मधोमध ते. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. आत्याबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला आईची चादर आठवली आणि वाटलं, हे झाकायला एवढी मोठी चादर आणायची कुठून?

लोक गेल्यावर मी आत्याबाईंना घरात नेऊन सगळं सांगितलं. पंगतीत नळीत धरलेल्या डासांत विषाणू निघाला. सोनालीला तोच ताप आहे.

त्या पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिले आपल्या घरी चावला."

"तसं सांगता येत नाही, आत्याबाई. तिला कुठेही चावला असेल. नळीत सापडलेला डास तिलाच चावला असं कोणी सिद्ध नाही करू शकत."

"आपल्या घरी नाही चावला, असं सिद्ध होते काय?"

मी पर्सची चेन लावली आणि पुन्हा उघडली.

"नाही न?" त्या म्हणाल्या. "मंग झालं तर."

माझ्या शास्त्रानं मला एक पळवाट दिली होती, आणि ती खरीही होती. एखादा अहवाल लिहायचा असता तर मी तेच वाक्य लिहिलं असतं, आणि त्यात चूक काढायला कोणाला जागा नव्हती. पण ते वाक्य त्या पाटापाशी मी कोणत्या तोंडानं म्हटलं, याची मला आजही शरम वाटते. कारण मी ते त्यांच्यासाठी नव्हते म्हणत. आमच्या घराचं नाव माझ्याही नावापुढे लागतं. डासांची बाई आणि तिच्याच सासरचे डास, हे गल्लीत, मग गावात, मग नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत कसं बोललं जाईल, ते मला ऐकू येत होतं.

"मी लक्षुमीचं पाणी सोवळं ठेवाले गेली," आत्याबाई म्हणाल्या. "अन् जेवाले बोलावलेल्या पोरीले..." त्या पाटावरून उठल्या. म्हणाल्या, "मले नागपूरले ने."

गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. काही खाल्लं नाही. दवाखान्यात सुमनबाई बाकावर तशाच होत्या. आत्याबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. सगळं सांगितलं, मासोळ्यांपासून. श्रावणाचं सांगितलं, पत्र्याच्या फटीचं सांगितलं, नळीचं सांगितलं. कुठेही "बहुतेक" किंवा "असेल" असं म्हटलं नाही. मी मागे उभी होते. ते शब्द म्हणायला मी पुढे झाले नाही, आणि त्यांनीही मला पुढे केलं नाही. दवाखान्यातली दोन-चार माणसं ऐकत होती.

सुमनबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू द्या काकू. मच्छर काय कोणाच्या घरचा असते थोडीच? बसा. तुमचे पाय दुखत असतीन."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. त्यांनी पिशवीतून केळं काढून आत्याबाईंना दिलं, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही म्हणून. आत्याबाईंनी ते घेतलं आणि हातात धरून बसल्या. मला वाटतं ते तसंच घरी परत आलं.

सोनाली बरी झाली. पेशी एका रात्री फार खाली गेल्या आणि मग हळूहळू चढल्या. थंडीत तिला मुलगी झाली, धडधाकट, भरपूर केस असलेली. आत्याबाईंनी बारशाला झबली शिवून पाठवली, स्वतः गेल्या नाहीत. पाय दुखतात म्हणाल्या. आमच्या गल्लीत आणखी तिघांना ताप आला होता, तेही उठले. कोणी आमच्या तोंडावर काही बोललं नाही. पाठीमागे बोललं असेल तर ते त्यांचं बरोबरच होतं. दिवाळीच्या आधी आत्याबाईंनी गवंडी बोलावला आणि हौद फोडून टाकला. आता तिथे घट्ट झाकणाची टाकी आहे आणि सिमेंटचा एक चौकोन, ज्याचा रंग बाकी अंगणाशी अजून जुळत नाही.

त्या वर्षाकडे मी पुन्हा पुन्हा का जाते, मला कळत नाही. कोणी मेलं नाही. सगळे बरे आहेत. माझ्या कामात याहून वाईट कितीतरी पाहिलंय. पण लाज ही गोष्ट नुकसानाच्या मापानं येत नाही. माझ्या आईच्या गोधड्यांनी कोणाचं काय वाईट केलं होतं? तरी ती संध्याकाळभर गप्प असायची. आम्ही जेवायला बोलावलं होतं, त्या पोरीला भिंतीशी पाट दिला होता. बोलावून आणलेल्या माणसाला आपल्या दारात इजा झाली, एवढंच ते आहे, आणि ते कुठल्याही यंत्रानं मोजून कमी होत नाही.

यंदा आवाहनाच्या आधी आत्याबाई कुंकू घेऊन सुमनबाईंकडे निघाल्या. मला सोबत घेतलं. दारात पोचल्यावर थांबल्या, आणि जी बाई अख्ख्या गल्लीला जेवणाचं निमंत्रण ओरडून देते ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सुमन, जेवाले या म्हणाले आली होती."

"येऊ न काकू," सुमनबाई म्हणाल्या.

"जमत असीन तरच. नाही जमलं तर मी ताट पाठवतो."

"जमते न. सोनाली बी आली आहे, तिले बी आणतो. पोरीले बी."

आत्याबाईंनी कुंकू लावलं. घरी येऊन त्यांनी अंगणातल्या कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा काढून टाकल्या. मी दोन दिवस नळी घेऊन घर धुंडाळलं. पडवी, दांडी, देवघर, मोरी, फ्रीजच्या मागचा ट्रे. एकही डास मिळाला नाही. माझ्या नोकरीत रिकामी नळी म्हणजे वाया गेलेला दिवस. या वेळी ती रिकामी नळी मी आत्याबाईंना नेऊन दाखवली, आणि त्यांनी ती हातात घेऊन उजेडात धरून पाहिली.

जेवणाच्या दिवशी सगळ्या आल्या. सोनाली आली, आता भरलेली, खळखळून बोलणारी. मुलगी दहा महिन्यांची झाली असेल, पडवीभर रांगत होती, फुलोऱ्याकडे हात करत होती. आत्याबाईंनी तिला पुरणाचं बोट चाटवलं. पानं मांडली, आंबील आली, भाज्या आल्या. पंगत अर्धी झाली असेल तेव्हा मुलगी सोनालीच्या मांडीवरच झोपली. सोनालीनं तिला लक्ष्म्यांसमोर सतरंजीवर निजवलं.

सुमनबाई पानावरून उठल्या. हात धुतला, आपली कापडी पिशवी उघडली आणि तीतून छत्रीसारखी मिटलेली एक छोटी मच्छरदाणी काढली. लहान मुलांची असते ती, निळी, वर मांजराचं चित्र. त्यांनी ती उघडली. अशी मच्छरदाणी उघडताना आवाज होतो. तो सगळ्यांनी ऐकला.

पंगतीतले हात थांबले. मग कोणीतरी फार मोठ्यानं म्हणालं की यंदा पुरण मऊ झालंय, आणि दुसऱ्या कोणी तितक्याच मोठ्यानं हो म्हटलं. सुमनबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांचाही चेहरा लाल झाला होता. मच्छरदाणी मुलीवर ठेवून त्या पटकन पानावर येऊन बसल्या आणि भातात बोटं फिरवत राहिल्या. मला सांगावंसं वाटत होतं की मी घर कोपरा न् कोपरा पाहिलंय, या घरात आज एक डास नाही, मी पैजेवर सांगते. पण कोणत्या तोंडानं सांगणार? त्या बिचारीनं काही चुकीचं केलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि माझ्या पानावरची भाजी इकडची तिकडे केली.

आत्याबाई कढीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं. पदराला हात पुसले आणि गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, मच्छरदाणीपाशी खाली बसल्या. कडेकडेनं सगळीकडे बोटं फिरवून पाहिली. मग मान न वळवता म्हणाल्या, "सुमन, इकडून उघडी राहिली व."

आणि ती कड त्यांनी स्वतः उचलून सतरंजीखाली नीट खोचली. दुसरीही बाजू खोचली. वाढायचं होतं, पानं खोळंबली होती, तरी त्या उठल्या नाहीत. पातेलं मी उचललं. मुलगी जागी होईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या.